सावलीपर्यंतचा खर्च

कंधारच्या किल्ल्यापाशी राष्ट्रकूटांच्या काळात ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा जो जलाशय निर्माण झाला, त्याची आणि त्या नगरातील दानधर्माची नोंद शिलालेखात करून ठेवणाऱ्या पूर्वजांना एक गोष्ट पुरती ठाऊक होती: तलाव बांधणे हे पुण्यकर्म खरे, पण तलाव टिकवणे हा कायमचा खर्च आहे. म्हणूनच दक्षिणेतील जुन्या दानपत्रांत एखाद्या देवालयाला, छत्राला किंवा तळ्याला रोख द्रव्य देऊन मोकळे होण्यापेक्षा जमीन तोडून देण्याची रीत दिसते. त्या जमिनीच्या उत्पन्नातून गाळ काढावा, बांध दुरुस्त करावा, राखणाऱ्याचे पोट भरावे, आणि दाता गेल्यावरही दान चालू राहावे, असा त्यामागील विचार. पुढे इनामे आली, सनदा आल्या, निजामाच्या अमदानीत त्यांची दफ्तरे झाली. आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मुक्त झाल्यावर या साऱ्या व्यवस्थेची जागा हळूहळू शासनाच्या अर्थसंकल्पाने घेतली. अर्थसंकल्पाचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. झाडाचे, तळ्याचे आणि माळरानाचे वर्ष त्या दिवशी संपत नाही; त्यांच्या परीक्षेचे दिवस नेमके त्यानंतरच सुरू होतात.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत पर्यावरण-संवर्धनाच्या कामांना पैसा कोठून मिळतो, कोणत्या अटींवर मिळतो, आणि मिळाल्यावर त्याचे काय होते, याचा मागोवा घेताना हीच विसंगती पदोपदी भेटते. निधी नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते; आणि तरतुदी पाहू गेल्यास त्यांची यादी लहान नाही. उणीव आहे ती लावलेल्या रोपाची सावली पडेपर्यंत पैसा धरून ठेवणाऱ्या, त्याचा चोख हिशेब देणाऱ्या, आणि मधल्या निष्फळ दिसणाऱ्या वर्षांसाठी निःसंकोचपणे हात पुढे करणाऱ्या संस्थांची. आणि तितकीच उणीव आहे ती मागणी समजून घेणाऱ्या दात्यांची.

पंचवीस लाख लिटर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ नावाची पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली, ती साऱ्या देशाने पाहिली. शहराची तहान भागवणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकरांभोवती होणारी भांडणे रोखण्यासाठी जिल्हा प्रशासनाला त्याआधीच्या महिन्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटरांची होती. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास करून एका फेरीत २५ लाख लिटर पाणी लातुरात उतरू लागले. त्या उन्हाळ्यात त्या पाण्याने शहर तगले, याबद्दल कृतज्ञता असावीच.

पण त्या २५ लाख लिटरांचे गणित एकदा शिवारात मांडून पाहण्यासारखे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे १०,००० लिटर पाणी होते. म्हणजे २५ मिलिमीटरांची एकच चांगली सर १० हेक्टरांवर, बोलीत सांगायचे तर २५ एकरांवर, पडून गेली की पूर्ण भरलेल्या एका जलदूताइतके पाणी आकाशातून उतरलेले असते. लातूर जिल्ह्यातील कोणत्याही मध्यम गावाचे शिवार याच्या कितीतरी पट मोठे असते, आणि बऱ्या वर्षी अशा सरी अनेक येतात. ते पाणी माथ्यावर अडले, चरांत मुरले, गवताच्या मुळांशी थांबले, तर त्याच्यासाठी रूळ लागत नाहीत आणि इंजिनही लागत नाही.

आपत्ती दारात उभी राहिली की तिजोरी आपण होऊन उघडते. त्या वेळी कोणी तीन वर्षांचे लेखापरीक्षण मागत नाही. ती आपत्ती टळावी म्हणून दहा वर्षे आधी माळावर चर खोदू पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक रुपयासाठी अर्ज, स्मरणपत्र आणि खुलासा करावा लागतो. संकटाच्या खर्चाला निकड असते, प्रतिबंधाच्या खर्चाला नसते. आणि म्हणूनच प्रतिबंधाचा पैसा मागण्याचे शास्त्र शिकून घेणे या दोन जिल्ह्यांना भाग आहे.

पैशाच्या वाटा

गावाच्या पाण्यासाठी शहराने पैसा द्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, याचे विस्मरण होता कामा नये. १९७२ च्या दुष्काळात ज्या रोजगार हमी योजनेने लक्षावधी हातांना काम दिले, जिच्या मागे वि. स. पागे यांची दृष्टी होती आणि जिला कायद्याचे रूप मिळून २६ जानेवारी १९७९ पासून ती अमलात आली, तिच्या खर्चासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून कापली जाणारी ती लहानशी रक्कम मराठवाड्याच्या माळावर बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि नालाबांध होऊन उभी राहिली. मृद्संधारणाला स्वतःचा हक्काचा करच असावा, असा हा विचार आजही अनुकरणीय आहे.

त्यानंतरच्या काळात वाटा वाढल्या. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरांच्या कर्जातून आणि राज्याच्या हिश्शातून २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला गावोगाव ‘पोकरा’ म्हणूनच ओळखतात, पहिल्या टप्प्यात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह ५,१४२ गावांत राबवला गेला. दुसऱ्या टप्प्यासाठी ७,२०१ गावांची निवड झाली. त्यात गावाची ग्राम कृषी संजीवनी समिती आराखडा ठरवते आणि वैयक्तिक लाभाचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाते. अटल भूजल योजनेत महाराष्ट्राचे १३ जिल्हे आले. त्यांत लातूर आहे, नांदेड नाही. आपला जिल्हा, आपला तालुका, आपले गाव कोणत्या यादीत आहे हे आधी पाहून मगच लेखणी उचलावी, इतका साधा नियम न पाळल्याने कित्येक चांगले अर्ज पहिल्याच टेबलावर बाद होतात.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या हाती येणारा पैसा तर बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाणी यांच्याशी बांधून दिला, आणि त्यात पर्जन्यजल-संधारणही बसते. हा पैसा मिळवण्यासाठी मुंबई-दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. ग्रामसभेत वेळेवर उठून गावच्या विकास आराखड्यात एक ओळ लिहवून घ्यावी लागते. नदी-नाल्यांच्या, ओढ्यांच्या कामासाठी जिल्हा नियोजन समिती आहे, आणि २०२० पासून पंचमहाभूतांच्या नावाने गुणांकन करून बक्षिसे देणारे ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे.

६ मे २०१७ च्या शासननिर्णयाने सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची रचना मात्र विशेष अभ्यसनीय आहे. यंत्र संस्थेचे, इंधन शासनाचे आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी तिची मूळ मांडणी होती. तिघांचाही पैसा गुंतलेला असल्यामुळे तिघांचेही डोळे कामावर राहतात. तलावाची साठवण वाढते, आणि तोच गाळ हलक्या जमिनीवर पसरला की तिचा पोत सुधारतो. पुढे अल्पभूधारकांना गाळ वाहण्यासाठीही साहाय्य देण्याची तरतूद झाली. एका खर्चातून दोन लाभ दाखवता येणे, हे निधी मागणाऱ्याचे सर्वांत मोठे बळ असते.

मोठ्या रकमांच्या दोन वाटा या जिल्ह्यांसाठी अरुंद ठरतात, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. वनजमीन अन्य कामासाठी वळवली गेल्यास तिच्या मोबदल्यात जमा होणारा ‘कॅम्पा’ निधी २०१६ च्या कायद्याने राज्यांकडे आला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना जे ४७,००० कोटींहून अधिक रुपये हस्तांतरित केले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा ३,८०० कोटींच्या पुढे होता. परंतु हा पैसा मुख्यतः वनखात्यामार्फत खर्च होतो. आणि लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. ज्या जिल्ह्याला झाडांची सर्वाधिक गरज, त्याला वनांच्या निधीत सर्वांत क्षीण आवाज, असा हा प्रकार.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि सातव्या परिशिष्टात पर्यावरण-संतुलनाचा स्पष्ट उल्लेख केला. मात्र त्याच कलमात कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या प्रदेशाला प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. कारखाने पुणे, ठाणे, रायगडात. त्यामुळे पैशाचा ओढा तिकडेच. हे प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, असा खुलासा केंद्राने नंतर केला असला, तरी कंपनीच्या समितीपुढे बसलेल्या अधिकाऱ्याला नांदेड-लातूरची निकड कोणीतरी पुराव्यानिशी समजावून सांगावी लागते. प्रादेशिक अनुशेषाचा विचार या राज्याने १९८४ च्या दांडेकर समितीपासून केला. सिंचन, रस्ते, वीज यांचा हिशेब मांडला. निधी मागण्याच्या कौशल्याचा अनुशेष मात्र कोणी मोजला नाही.

दफ्तर

पैशाच्या शोधात निघालेल्या संस्थेची खरी ओळख तिच्या कपाटात असते. औसा तालुक्यातील एका महिला गटाच्या कपाटातील दफ्तर पाहण्याचा योग आला. वरच्या खणात धर्मादाय कार्यालयाचे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, विश्वस्तांची नावे असलेले परिशिष्ट-१ आणि विश्वस्त बदलल्यावर दाखल केलेल्या बदल अर्जाची पोच. त्याखाली आयकराची १२ए व ८०जी प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक, आणि कंपन्यांचा पैसा घेण्यासाठी एप्रिल २०२१ पासून आवश्यक ठरलेली सीएसआर-१ ची नोंद. त्याखाली तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. आणि सर्वांत खालच्या खणात, सुतळीने बांधलेल्या, ग्रामसभेच्या ठरावांच्या नकला, गटांचे सातबारे आणि कामाआधीची व कामानंतरची छायाचित्रे. प्रत्येक खर्चाच्या पावतीवर मागच्या बाजूला पेन्सिलीने त्या दिवशी कोण कोण कामावर होते, ते लिहिलेले. हे कोणी शिकवले, असे विचारल्यावर गटाच्या सचिव म्हणाल्या, “शिकवलं कुणी नाही वो सर. एकदा पैसे आले आन्‌ पावती सापडंना, तवा लोक नाही नाही ते बोलले. तवापासून चिठ्ठी सुद्धा टाकून देत नाही आमी.”

या दफ्तरात निधीशास्त्राचा अर्धा ग्रंथ आहे. नव्याने काम सुरू करणाऱ्या उत्साही मंडळींना वाटते, की प्रस्तावाची भाषा चांगली हवी. प्रत्यक्षात अर्ज अडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिले, विश्वस्त बदलले पण बदल अर्ज मंजूर नाही, त्यामुळे बँकेत सही कोणाची चालणार, हा प्रश्न. दुसरे, जागा कोणाची? गायरानावर झाडे लावायची तर गायरान शासनाचे, व्यवस्था ग्रामपंचायतीकडे, चराई साऱ्या गावाची आणि एखाद्या कोपऱ्यात कोणाची तरी वहिती. या चौघांची संमती कागदावर नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात काम तंट्यात सापडते. तिसरे, आधीच्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलेले नसणे. नांदेडमध्ये अनेक लहान संस्थांचे हिशेब पाहणाऱ्या एका सनदी लेखापालांनी अनुभवाचे सार एका वाक्यात सांगितले: पैसा मिळण्याआधी हिशेबनीस नेमा, मिळाल्यावर नेमाल तर उशीर झालेला असेल.

परदेशी देणग्यांची वाट तर अधिकच काटेकोर. २०१० च्या कायद्यात २०२० मध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यांनी परदेशी पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच स्वीकारण्याचे बंधन घातले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने तो पैसा दुसरीकडे देणे थांबवले. या अखेरच्या अटीचा परिणाम गावपातळीवर खोल झाला, कारण महानगरातील मोठी संस्था पैसा आणी आणि तालुक्यातील लहान संस्था काम करी, ही जुनी साखळी त्यामुळे तुटली. आता लहान संस्थेला स्वतःच्या पायावर उभे राहून देशातील दात्यांकडे जावे लागते. जागतिक पर्यावरण सुविधेच्या, १९९२ पासून चालत आलेल्या लघु-अनुदान कार्यक्रमासारख्या काही वाटा लोकसंस्थांसाठीच आहेत. तेथे रक्कम साधारणतः ५०,००० डॉलरांपर्यंत असते, पण स्थानिक ज्ञानाला आणि लोकसहभागाला मोल असते.

लोकवाटा

दात्याचा विश्वास संपादन करण्याचा सर्वांत प्राचीन मार्ग म्हणजे आपला वाटा आधी टाकणे. जर्मनीच्या साहाय्याने महाराष्ट्रात चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने, ज्यामागे फादर हर्मन बाखर यांची तळमळ आणि नाबार्डची व्यवस्था होती, हा मार्ग नियमात बसवला. गावाने प्रथम श्रमदान करून दाखवावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत मान्य करावी, लहानशा क्षेत्रावर काम करून क्षमता सिद्ध करावी, मगच पूर्ण प्रकल्पाला मंजुरी. पैसा गावाच्या पाणलोट समितीच्या खात्यात. आणि प्रकल्प संपल्यावर गावाच्या हाती देखभालीसाठी निधी शिल्लक राहावा अशी तजवीज. १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून जो पाणलोट विकास निधी उभारला, त्याला याच अनुभवाचा आधार होता. जुन्या दानपत्रांतील देखभालीची चिंता आधुनिक भाषेत पुन्हा अवतरली, ती येथे.

लातूरकरांनी हा धडा २०१६ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने गिरवला. रेल्वेचे पाणी येत असतानाच, डॉ. अशोक कुकडे यांच्यासारखे ज्येष्ठ नागरिक पुढे झाले आणि ‘जलयुक्त लातूर’ या नावाने साई ते नागझरी अशा १८ किलोमीटरांच्या पात्रात मांजरा नदीचे खोलीकरण-रुंदीकरण लोकवर्गणीतून हाती घेण्यात आले. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, शाळकरी मुले यांनी दिलेल्या पैशातून यंत्रे चालली. नदीच्या पात्राला किती खोल खणावे, वाळूचा थर किती राखावा, याविषयी जलतज्ज्ञांचे आक्षेप असू शकतात आणि ते ऐकले पाहिजेत. पण तहानलेले शहर हात पसरून न बसता वर्गणीची पावतीपुस्तके छापते, ही गोष्ट निधीच्या इतिहासात मोलाची आहे. ज्या शहराने स्वतः पैसा घातला, त्याला बाहेरच्या दात्याशी मान वर करून बोलता येते.

दुसरे उदाहरण स्त्रियांचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन झाले, त्यात गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून शासन आणि घरमालक यांच्यामध्ये दुवा साधला. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्या स्त्रियांचे संघटन भूकंपाबरोबर संपू दिले नाही. पुढे दुष्काळात याच पायावर, कुटुंबाच्या जमिनीपैकी एखादा एकर बाईच्या निर्णयाखाली यावा, त्यात ज्वारी, डाळी, भाज्या अशी मिश्र पिके कमी पाण्यात आणि सेंद्रिय पद्धतीने घ्यावीत, ही एक एकर शेतीची पद्धती उभी राहिली. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. एका आपत्तीसाठी आलेल्या निधीतून घडलेली माणसे दुसऱ्या आपत्तीत उपयोगी पडली. इमारती आणि बंधारे यांच्यापेक्षा ही कमाई अधिक टिकाऊ, आणि कोणत्याही अंदाजपत्रकात तिच्यासाठी स्वतंत्र बाब नसते.

नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेलगत, बिलोली तालुक्यातील सगरोळीस १९५९ मध्ये स्थापन झालेले संस्कृती संवर्धन मंडळ हे याच मालिकेतले. शिक्षणापासून सुरुवात करून कृषी विज्ञान केंद्र आणि पाणलोटापर्यंत पोहोचलेली अशी संस्था दात्याला निश्चिंत करते. कारण प्रकल्प संपला तरी संस्था तेथेच राहणार आहे, हे त्याला दिसत असते. विमानाने येऊन कार्यशाळा घेणाऱ्या सल्लागारापेक्षा साठ-पासष्ट वर्षे त्याच मातीत उभी असलेली संस्था ही अधिक मोठी तारण-मालमत्ता होय.

किनवटचे जंगल

लातूरच्या उघड्या माळांवरून किनवट-माहूरकडे गेले की दृश्य पालटते. सागाची दाट वने, पैनगंगेचे खोरे, सहस्रकुंडाचा धबधबा, आणि गोंड, कोलाम, आंध या समाजांची वस्ती. येथे प्रश्न झाडे लावण्याचा नाही, असलेली राखण्याचा आहे. आणि राखणीला निधी मिळवणे हे लागवडीला निधी मिळवण्याहून दुष्कर, कारण राखणीचे उद्घाटन होत नाही.

तरीही कायद्याने येथे दोन दारे उघडली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला; तो दावा मंजूर झाल्यावर ग्रामसभेचा व्यवस्थापन आराखडा हाच निधी मागण्याचा पाया होतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती, लोकजैवविविधता नोंदवही आणि स्थानिक जैवविविधता निधी यांची तरतूद केली. दुर्दैवाने कित्येक गावांत ही समिती कागदावर आहे आणि नोंदवही कोणा ठेकेदाराने भरून दिलेली. ज्या गावाच्या नोंदवहीत मोहाची, चारोळीची, रानभाज्यांची, जुन्या ज्वारीच्या वाणांची नोंद गावातल्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून झालेली असते, त्या गावाला जनुककोशासारख्या कामात स्वतःचे स्थान मागता येते. राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुककोश प्रकल्पासाठी पाच वर्षांकरिता १७२ कोटी रुपये मंजूर केले, हे येथे ध्यानात घ्यावे. नोंदवही हा कंटाळवाणा सरकारी सोपस्कार समजणे म्हणजे आपल्याच संपत्तीचा फेरफार करून घ्यायचे राहून जाणे होय.

किनवट भागातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी, जंगलराखणीच्या पाळीवर जाण्यासाठी काठी हाती घेता घेता, आपली अपेक्षा सांगितली ती अशी: “भाऊ, आमाला लई पैसा नगं. उन्हाळ्यात वणवा लागतो तवा चार पोरायला दोन महिने मजुरी भेटली, तं जंगल जळत नाही. एवढंच कोणी देत नाही.” दोन महिन्यांच्या मजुरीची ही मागणी कोणत्याही मोठ्या योजनेच्या रकान्यात बसत नाही, कारण रकाने मोठ्या रकमांसाठी आखलेले आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर, अल्प रकमा त्वरेने आणि नित्य देणारा एखादा निधी असावा, याची निकड यापेक्षा स्पष्ट शब्दांत मांडता येणार नाही.

मार्चनंतर

महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्षांच्या लागवडीचे संकल्प सोडले. त्यांतील किती झाडे जगली, हा प्रश्न पुढे विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेला. जलयुक्त शिवार अभियानावर झालेल्या ९,६३४ कोटी रुपयांच्या खर्चाविषयी महालेखापालांच्या २०२० च्या अहवालाने संनियंत्रणातील आणि देखभालीतील उणिवांवर बोट ठेवले. या दोन्ही प्रसंगांत राजकीय वाद झाला, आणि त्या गदारोळात मूळ मुद्दा मागे पडला. तो मुद्दा अंदाजपत्रकाच्या रचनेचा आहे.

एका हेक्टरावर तीन मीटर अंतराने झाडे लावायची, तर १,१११ खड्डे होतात. प्रत्येक रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला १० लिटर पाणी द्यायचे म्हटले, तर आठवड्याला ११,००० लिटरांहून अधिक, म्हणजे ५,००० लिटरांचे दोन टँकर भरून थोडे उरतेच. फेब्रुवारी ते मे असे १६ आठवडे धरल्यास एका हेक्टराला एका उन्हाळ्यात ३५-३६ टँकर लागतात. आणि असे किमान तीन उन्हाळे काढावे लागतात. राखणदाराची मजुरी, कुंपणाची दुरुस्ती, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे, हे वेगळे. खड्डे, रोपे आणि फलक यांवर आलेला पैसा संपवणारे अंदाजपत्रक हे म्हणून मुळातच अपुरे असते. ते रोपाचे अंदाजपत्रक आहे, झाडाचे नाही. लातूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने हेच त्याच्या भाषेत सांगितले: “लावायला समदेच येतेत. पाणी घालायला कोण येतंय वो?” लातूर शहरात ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नावाने एकत्र आलेल्या नागरिकांनी याच प्रश्नाला उत्तर म्हणून लावण्याबरोबर जगवण्याचे व्रत घेतले, म्हणून त्यांच्या झाडांचा लौकिक झाला.

कायद्याने याला वाव दिलेला आहे. कंपनी कायद्याच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ हा सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम त्यासाठी स्वतंत्र खात्यात राखून ठेवता येते. चार वर्षांची देखभाल त्यामुळे नियमात बसते. पण ही तरतूद मागणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि देणाऱ्याला वर्षअखेर फलकासह छायाचित्र हवे असते. तेव्हा पाच हेक्टरांवर एक वर्ष काम करण्याऐवजी एका हेक्टरावर चार वर्षे काम करू द्या, असे सांगण्याचे धैर्य अर्जदाराने दाखवले पाहिजे. आणि एक कमी उद्घाटन पदरी पडले तरी एक अधिक वनराई पदरी पडेल, हे दात्याने जाणले पाहिजे.

यासाठी काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. नांदेड येथे १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे; पर्यावरणशास्त्र, वाणिज्य आणि विधी शाखांच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत तालुक्यातील एकेका ग्रामपंचायतीचे किंवा महिला गटाचे दफ्तर लावून द्यावे, जागेचे नकाशे, पाण्याचा ताळेबंद आणि अंदाजपत्रक तयार करून द्यावे, तर कौशल्याचा तो न मोजलेला अनुशेष पाच वर्षांत बराच भरून निघेल. जिल्हा प्रशासनाने सर्व योजनांची, पात्र गावांची आणि मुदतींची एकच मराठी पुस्तिका दर जूनमध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीला पोहोचवावी. परगावी आणि परदेशी गेलेल्या नांदेड-लातूरच्या सुपुत्रांनी आपल्या गावासाठी देणगी पाठवताना कमानीऐवजी कायम ठेव करावी, आणि तिच्या व्याजातून राखणदाराचे वेतन द्यावे. आपल्या पूर्वजांनी जमीन तोडून जे साधले, ते आज ठेवीच्या पावतीने साधता येते.

पैसा मिळवण्याचे काम निसर्गप्रेमी माणसाला रुक्ष वाटते, हीन वाटते, आणि त्या तिटकाऱ्यापायी तो ते काम दुसऱ्यावर सोपवतो. मराठवाड्याला ही चैन परवडणारी नाही. येथे माळावर प्रेम करणाऱ्यालाच मोजमाप वही उघडावी लागेल आणि पावत्या जपाव्या लागतील. आणि मंजुरीची सही करणाऱ्यांनी, मग ते मंत्रालयात बसलेले असोत, कंपनीच्या समितीत असोत की गावच्या चावडीवर, समोर आलेल्या प्रत्येक अंदाजपत्रकात तिसऱ्या आणि चौथ्या उन्हाळ्याच्या पाण्याचा खर्च कोठे लिहिला आहे, हे आधी शोधावे, आणि जेथे तो लिहिलेला सापडेल त्या कागदाला पहिली मंजुरी द्यावी.